मोडलेली मांडी आणि सोबत्यांची जमवाजमव: खानदेशातल्या कल्पनारम्य कादंबरीचा मधला भाग

प्रश्न थोडक्यात असा आहे. कादंबरी खानदेशासारख्या मुलखात घडते. पहिल्या भागाच्या शेवटी नायिकेची हार होते, घोडा अंगावर पडून ती जायबंदी होते. तिसऱ्या भागात मोठं युद्ध आहे. मधल्या भागात तिनं बरं व्हायचं आणि लढाईसाठी माणसं जोडायची. हा भाग लिहून झालाय, पण ज्यांनी ज्यांनी वाचला ते सगळे म्हणतात, इथं रेंगाळतं. काय कापावं?

कापू नका. दोन सुटे धागे आहेत ते एकात एक विणा. अशा खर्ड्यात बहुतेक वेळा आधी सहा प्रकरणं आजारपणाची असतात. वैद्य येतो, काढा देतो, नायिका खिडकीतून बाहेर पाहते. मग एका प्रकरणात ती उठते आणि पुढची आठ प्रकरणं गावोगाव फिरून मदत मागते. प्रत्येक जण आधी नाही म्हणतो, मग एका भाषणानं विरघळतो. पहिल्या सहांत तिच्याकडून कुणाला काही नको असतं आणि पुढच्या आठांत तिचा पाय दुखतच नाही, म्हणून रेंगाळतं. जखमेमुळंच माणसं जोडली जातील आणि प्रत्येक माणूस जोडताना त्या जखमेला काही ना काही सोसावं लागेल, अशी मांडणी केली की हीच चौदा प्रकरणं पळायला लागतात.

सुरुवात जखमेपासून करू, कारण पुढचं सगळं वेळापत्रक तिच्यावर बसतं.

जखम एकच ठेवा आणि ती नेमकी ठरवा. खांद्यात बाण, बरगड्या मोडलेल्या, डोक्याला मार, वर विषबाधा असं सगळं एकदम दिलं की वाचकाला कशाचाच हिशेब राहत नाही. घोडा अंगावर पडलाय तर डाव्या मांडीचं हाड मोडलं म्हणा. कातडी फाटलेली नाही, हाड आतल्या आत मोडलंय. डावीच मांडी का, ते पुढे घोड्यावर बसायच्या वेळी कळेल.

मांडीचं हाड मोडलं की आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं. म्हणजे बाहेर थेंब नाही आणि माणूस पांढराफटक, घामानं थंड, सारखं पाणी मागणारा. पहिल्या रात्रीचं चित्र हे. दुसरा धोका एक ते तीन दिवसांत येतो. हाडातली चरबी रक्तात उतरून फुफ्फुसात अडकते. धाप लागते, रुग्ण बरळतो आणि काही जण यातच जातात. जवळच्या माणसांना वाटतं की बाहेरची बाधा झाली. तुमच्या कथेत भगताला बोलावण्याचं खरं कारण इथं मिळतं, ओढूनताणून आणावं लागत नाही. तिसरी अडचण ताणाची. मांडीचे स्नायू दांडगे असतात, ते मोडलेली टोकं एकमेकांवर ओढतात आणि पाय आखूड होतो. नुसत्या फळ्या बांधून भागत नाही, पाय ताणून धरावा लागतो.

या कामाची भाषा परक्या पुस्तकांतून आणायची गरज नाही. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाचे चार उपचार सांगितलेत: ओढणं, दाबणं, टोकं जुळवणं आणि बांधणं. हाडाला आधार द्यायच्या कांबीसाठी कोणत्या झाडाची साल घ्यावी, त्याची यादीही आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड आणि बांबू त्यात आहेत, आणि ही सगळी झाडं खानदेशात ओळखीची आहेत. पट्टी किती दिवसांनी सोडून पुन्हा बांधायची, तेही ऋतूवर ठरतं. थंडीत सात दिवसांनी, मध्यम हवेत पाच दिवसांनी, कडक उन्हाळ्यात तीन दिवसांनी. मांडी मोडलेल्याला फळीवर निजवून पाच खुंट्यांनी जखडायची रीतही तिथं आहे. ती फळी, त्या खुंट्या आणि मोहाची साल दाखवलीत की वैद्याच्या तोंडी एकही जड शब्द घालावा लागणार नाही. (हे सगळं कादंबरीपुरतं. खऱ्या माणसाचं हाड मोडलं तर त्यानं दवाखानाच गाठावा.)

आता दिवस मोजा. दोन-तीन आठवड्यांत टोकांमध्ये मऊ जोड धरतो, हलवलं तरी पूर्वीसारखी किंकाळी फुटत नाही. सहा ते आठ आठवड्यांत जोड कडक व्हायला लागतो, पण मांडीचं हाड अजून अंगाचा भार घेत नाही. शस्त्रक्रिया नसलेल्या जगात भार टाकायला तीन महिने धरा. काठी घेऊन चालणं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. धड चालणं, थोडं लंगडत का होईना, सहाव्या-सातव्या महिन्यात. एवढे दिवस पडून राहिलं की मांडी वाळते, गुडघा आखडतो, माकडहाडावर कातडी सोलते. दर दोन तासांनी अंगाची बाजू हलकीशी बदलणारं माणूस हवं. ते कोण, हा तुमच्या मधल्या भागातला पहिला महत्त्वाचा प्रश्न आहे. रात्री-बेरात्री उठून जी तिचं अंग वळवते ती बाई कथेतली पहिली सोबतीण होते, सेनापती नव्हे.

हे लिहायचं कसं, त्याचा एक तुकडा दाखवतो (पाटकरी म्हणजे शेतांना पाटाचं पाणी सोडणारा माणूस):

'पाटकऱ्याची आई बाजेपाशी येऊन बसली. आज पाचवा दिवस. मोहाची साल आतून ओलसर झाली होती, आंबूस वास येत होता. तिनं गाठी सोडल्या, सालीचे उभे वळ उमटलेल्या कातडीवरून बोट फिरवलं, कुठं तापलंय का पाहिलं. मग दोन्ही टाचा जुळवल्या. डावी बोटभर वर होती. ती काही बोलली नाही. पायाला दोरीनं टांगलेल्या गोणीत तिनं आणखी दोन ओंजळी वाळू टाकली आणि दोरी गच्च केली.'

यात 'वेदना' हा शब्द नाही. वाळूच्या दोन ओंजळी आहेत. पुढच्या पाचव्या दिवशी टाच अर्धं बोट खाली आली की वाचक स्वतःहून मोजायला लागतो. उन्हाळा चढला की पाच दिवसांचे तीन करा, काळ सरकल्याचं वेगळं सांगावं लागणार नाही.

जादू किती आणि कशी, यावर मधला भाग तरतो किंवा बुडतो. मंत्र म्हटला आणि हाड जुळलं, असं एकदा जरी केलंत तरी पुढच्या युद्धात कुणी पडलं की वाचक विचारणार, याला का नाही उठवलं? म्हणून तीन गोष्टी लिहायला बसण्याआधी वहीत टिपून ठेवा: जादू काय करू शकत नाही, ती किती घेते, आणि कुणाकडून घेते. 'शक्ती खर्च होते' एवढं पुरत नाही. माप लागतं.

खानदेशातच याचा पाया तयार आहे. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा रोट करतात. घरातल्या माणसांच्या हिशेबानं गहू मोजून घेतात आणि तो रोट भाऊबंदकीतच खाल्ला जातो, बाहेरच्याला देत नाहीत. या रीतीच्या पोटात एक दणकट कल्पना आहे: एकत्र खाणं म्हणजे एकमेकांचं होणं. तुमच्या जगात असा नियम करा की जे एका रोटाचं खातात, त्यांच्यात दुखणं वाटलं जातं. दहा जणांनी खाल्लं तर तिच्या पायाची कळ दहा ठिकाणी जाते. प्रत्येकाच्या डाव्या मांडीत महिनाभर ठणका राहतो, पण ती सातव्या महिन्याऐवजी सहाव्या महिन्यात धड चालते. आणि उलटही होतं. पुढे लढाईत त्यातला एक पडला की उरलेल्या नऊंना आणि तिला तो घाव लागतो. म्हणजे बरं होणं आणि सोबत जोडणं ही एकच क्रिया झाली. सैन्य जितकं मोठं, तितकं दुखणं हलकं, पण लढाईच्या दिवशी धोका तितकाच मोठा. तिसऱ्या भागात हाच पेच उभा राहतो. तिनं शंभर जणांना रोट द्यायचा का?

एक सांगणं मात्र मनापासून आहे. कानबाई ही आजही घराघरांत बसणारी देवी आहे. तिचं नाव, तिची गाणी जशीच्या तशी उचलून त्यावर मंत्रतंत्र चढवू नका. रीतीचा गाभा घ्या, देवता आणि विधी तुमच्या जगातले नवे घडवा. डोंगरातल्या याहा मोगी देवीचं, डोंगऱ्या देवाचंही तसंच.

गरम पाण्याचा झरा वापरायचा असेल तर चोपडा तालुक्यात अडावदजवळचं उनपदेव एकदा पाहून या. डोंगराच्या पायथ्याशी गोमुखातून ऊन पाणी पडतं. आखडलेला गुडघा मोकळा करायला अशी जागा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात योग्य. पहिल्या आठवड्यात तिथं नेऊन हाड जुळवू नका.

आता सोबती. इथं बहुतेकांची चूक अशी की मित्रपक्ष म्हणजे झेंडे असतात: डोंगरवाले, नदीवाले, घोडेवाले. प्रत्येकाचा एक प्रमुख, एक सवय, एक शस्त्र. खरी जमवाजमव झेंड्यांची नसते, गरजांची असते. प्रत्येक पक्षासाठी चार उत्तरं तयार ठेवा. त्याच्याकडे असं काय आहे जे दुसऱ्या कुणाकडे नाही? तो आज शत्रूशी कसा बांधलेला आहे? आला तर त्याचं काय बुडतं? आणि नायिका त्याला जे देते ते दुसऱ्या कुणाच्या ताटातून जातं? चौथं उत्तर सर्वांत मोलाचं, कारण त्यातूनच पुढचं प्रकरण निघतं.

मुलूख नीट समजून घ्या, म्हणजे पक्ष आपोआप दिसतील. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे आणि मधून पूर्व-पश्चिम वाहणारी तापी. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा लांबून येतात. उत्तरेकडून सुकी, मोर, अनेर, गोमाई सातपुड्यातून थोडक्या अंतरात कोसळतात, त्यांना पूर झटकन येतो आणि उतरतोही लवकर. तापीचे काठ उंच, ठिकठिकाणी घळींनी फाटलेले. फौज कुठूनही पार होत नाही, ठरावीक उतारांवरूनच, म्हणजे नदी ओलांडायच्या जागांवरूनच होते. थाळनेर, प्रकाशे ही गावं नदीकाठी मोठी का झाली याचा विचार करा. म्हणजे तुमच्या कथेत उतारावरचे नावाडी हा पक्ष हवाच. माणसं थोडी, शस्त्रं नाहीत, पण त्यांनी नावा पलीकडच्या काठाला बांधल्या की कितीही मोठी फौज चार महिने अडकते.

पण सर्वांत श्रीमंत सामग्री पांझरेच्या फडांत आहे आणि तिचा वापर कुणी करत नाही. फड पद्धत तीन-चारशे वर्षं जुनी मानतात. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि शेतकऱ्याची पट्टी एकाच फडात नसते, वेगवेगळ्या फडांत असते, त्यामुळं पाणी कमी पडलं तर तोटा सगळ्यांना वाटला जातो. पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, वर हवालदार, आणि निर्णय पंचांचा. कोणता फड यंदा कोरडा ठेवायचा हेही पंच ठरवतात. म्हणजे तोटा वाटून घ्यायची सवय असलेली माणसं या मुलखात आहेतच. तुमचा रोटाचा नियम याच मातीतून उगवल्यासारखा वाटेल. म्हणून जायबंदी नायिकेला गढीत किंवा राजवाड्यात ठेवू नका, फडाच्या गावात, पाटकऱ्याच्या धाब्याच्या घरात ठेवा. तिला हलता येत नाही, त्यामुळं लोकच तिच्यापर्यंत येतात आणि ती ऐकते. तीन महिने ती पाण्याची भांडणं ऐकते. वरच्या बंधाऱ्यानं खालच्याचं पाणी अडवलं, जागल्याला वाट्याचं धान्य मिळालं नाही, सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याला, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घर सोडायला सांगितलं. खानदेशात सालदाराचं साल अखाजीला संपतं आणि अखाजीलाच नवं ठरतं. म्हणजे त्या दिवशी गावातला प्रत्येक राबणारा माणूस कुणाकडे राबायचं याचा निर्णय घेत असतो. नायिका बाजेवर असताना अखाजी आणा. दोन सालदार मालकाकडे परत न जाता तिच्या ओसरीवर येऊन बसले की फौजेची पहिली भरती झाली. भाषण लागत नाही.

पंचांशी बोलणी कशी दिसावीत, तेही थोडं दाखवतो. ती अजून बाजेवर आहे. पाच म्हातारे ओसरीवर बसलेत. सगळ्यात मोठा विचारतो, 'तुन्हा पाय आते कसा शे, माय?' ती म्हणते, 'बरा शे, बाबा.' मग बराच वेळ कुणी बोलत नाही. तो पुन्हा विचारतो, 'आम्हले काय भेटी?' इथं तिनं स्वातंत्र्य, न्याय असे शब्द काढले तर प्रकरण मेलं. तिनं म्हणावं की वरचा बंधारा शत्रूच्या ठाणेदाराच्या ताब्यात आहे, तो सुटला तर कोरडा राहिलेला चौथा फड भिजेल. म्हातारा विचारतो, 'वरच्या गावाचं पाणी तोडून?' हेच ते चौथं उत्तर. ते पाणी वरच्या गावाच्या ताटातलं आहे. ती गप्प राहते, आणि पुढच्या प्रकरणात तिला वरच्या गावाकडे जावंच लागतं, झोळीत घालून, हाड पुरतं जुळलेलं नसताना. वाटेत जोड हलतो, दोन आठवडे वाया जातात. पायानं किंमत मोजली. इथं कथा पळते.

झोळीचं नीट लिहा, कारण ती सातपुड्यातली रोजची वस्तू आहे. अक्राणी-धडगावकडच्या पाड्यांवरून आजही रस्ता नसला की आजाऱ्याला बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणतात. बांबू दोघांच्या खांद्यावर, चढावर दर थोड्या अंतरानं खांदे बदलायचे, म्हणजे एका आजाऱ्यामागे सहा-आठ माणसं. तेही आपलं काम सोडून आलेली. उतरणीला पुढच्याच्या खांद्यावर सगळा भार येतो, म्हणून पुढे ठेंगणा आणि मागे उंच माणूस नको, उलट हवं. झोळीत पडलेल्याला आभाळ आणि बांबू एवढंच दिसतं, माणसांचे आवाज आणि धापा ऐकू येतात. नायिकेनं या आठ जणांना चेहऱ्यांआधी धापांवरून ओळखलं, तर ते आठ जण वाचकाच्या लक्षात राहतील.

डोंगरातल्या लोकांविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण कल्पनारम्य लेखनात त्यांच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो. भिल्ल, पावरा, तडवी, मावची यांना एका पोत्यात घालून 'वनवासी योद्धे' करू नका, आणि गूढ जडीबुटी देऊन नायिकेला बरं करण्यापुरतं त्यांना आणून परत जंगलात पाठवू नका. त्यांना स्वतःचं राजकारण द्या. इतिहासात याला भक्कम आधार आहे. १८२५ मध्ये जेम्स औट्रमनं धरणगावला भिल्ल कोअर उभी केली, म्हणजे ज्यांच्याशी इंग्रजांची झुंज चालली होती त्यांच्यातलेच लोक पगारावर फौजेत घेतले. आणि १८५७-५८ मध्ये सेंधव्याच्या घाटाकडे खाज्या नाईक आणि त्याचे भिल्ल त्याच इंग्रजांविरुद्ध उठले. एकाच समाजातले काही शत्रूच्या पगारावर, काही विरोधात आणि बरेच जण दोघांपासून दूर. तुमच्या डोंगरवाल्यांच्या नायकाचा भाऊ शत्रूच्या ठाण्यात नोकरीला असेल तर त्याचा 'हो' किती महाग पडतो, ते आपोआप दिसेल.

एक बारकावा कथानकालाच उपयोगी आहे. सातपुड्यातल्या होळीला, काठी गावच्या होळीसारख्या मोठ्या होळीला, काही जण व्रत पाळतात. त्या दिवसांत खाटेवर निजायचं नाही, इतरही बंधनं असतात. बावा-बुध्याचं सोंग घेऊन रात्रभर नाचणारे अनेकदा हे व्रतस्थच. तुमच्या पहिल्या भागातली हार होळीच्या रात्री घडवा. डोंगरातले लोक मदतीला आले नाहीत म्हणून नायिकेच्या मनात राग आहे. मधल्या भागात तिला कळतं की ते व्रतात होते, हत्यार उचलू शकत नव्हते, आणि शत्रूनं तो दिवस मुद्दाम निवडला होता. हत्याराचं बंधन हे तुमच्या जगातलं म्हणून घाला. राग निवळतो, आणि ते दिवस शत्रूला कुणी सांगितले हा नवा प्रश्न उभा राहतो.

इतर पक्ष थोडक्यात आटपा. लमाण तांडा धान्य वाहतो, तो पैसा आणि चराईचा हक्क मागेल. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तसा बाजार तुमच्या जगात ठेवा. घोडेवाल्यांना कोण जिंकतंय याच्याशी देणंघेणं नसतं, रोख लागते. पाचापेक्षा जास्त पक्ष नकोत. सहावा आला की आधीच्यांतला एक वाचक विसरतोच.

आता आकडे, कारण युद्धाची तयारी आकड्यांवरच खरी वाटते. समजा बाराशे माणसं आणि दीडशे घोडे जमले. माणशी रोज ८०० ग्रॅम धान्य धरलं तर दिवसाला ९६० किलो, पंधरा दिवसांना साडेचौदा टनांच्या आसपास. लादणीचा बैल साधारण १०० किलो नेतो, म्हणजे १४४ बैल, आणि थकणारे-लंगडणारे धरून १६० तरी. घोड्याला दिवसाला दहा किलो सुका चारा आणि तीस लिटर पाणी म्हटलं तर दीडशे घोड्यांना दीड टन चारा आणि साडेचार हजार लिटर पाणी. चारा माणसांच्या धान्यापेक्षा जड निघाला. तो वाहून नेता येत नाही, वाटेतल्या गावांत कडबा मिळाला तरच घोडदळ चालतं. म्हणजे एकही तलवार न देणारं, पण कडब्याच्या गंजी राखून ठेवणारं गाव हाही मित्रपक्ष आहे. बैलांसोबत फौज दिवसाला बारा ते पंधरा किलोमीटर सरकते. नकाशावर दोऱ्यानं अंतर मोजा आणि भागा. पात्र एका प्रकरणात नंदुरबारकडे आणि पुढच्यात बऱ्हाणपूरकडे, मधे दोन दिवस, अशी चूक खर्ड्यांत सारखी सापडते.

रोगराई विसरू नका. बरं करणं हा तुमच्या कादंबरीचा विषयच आहे, तर तो एका पायापुरता ठेवू नका. अकबराचा असीरगडला वेढा १६०० मध्ये बसला आणि जानेवारी १६०१ मध्ये खानदेशच्या फारुकी सुलतानांचा तो किल्ला पडला. आत रोगराई पसरली होती, फितुरीचाही वाटा सांगतात. बाराशे माणसं एका उतारावर आठवडाभर थांबली की जुलाब सुरू होतात. पाणी वरच्या अंगाला भरायचं, शौचाला खालच्या अंगाला जायचं आणि जनावरं त्याहून खाली, हा नियम पाटकऱ्याच्या आईनं घालून दिला आणि एका तरुण सरदारानं मोडला, तर युद्धाआधीच शंभर माणसं आडवी होतात. तिचं ज्ञान एका बाजेवरून अख्ख्या छावणीवर पसरतं. तिला मधल्या भागात मारू नका. वैद्याचा मृत्यू करून नायिकेला 'प्रेरणा' द्यायचा मोह फार जणांना होतो, आणि त्यात कथेतलं सगळ्यात उपयोगी माणूस हातचं जातं.

कॅलेंडर असं लागतं. फाल्गुन पौर्णिमेला पडली. चैत्रात पाच दिवसांच्या पट्ट्या, वैशाखात अखाजी आणि तीन दिवसांच्या पट्ट्या. अखाजीनंतरच्या दिवसांत पंच येतात, आणि ज्येष्ठाच्या सुरुवातीला, तापी अजून आटलेली असताना, झोळीतून वरच्या गावाचा प्रवास होतो. आषाढात काठी. श्रावणात पूर, वाटा बंद, रोट, म्हणजे बांधून घेण्याचा महिना. भाद्रपदात गुडघा मोकळा करायची धडपड. आश्विनात दसरा. परंपरेनं सीमोल्लंघन दसऱ्याला, आणि शत्रूही तेव्हाच वाट पाहत असणार. पण घोडे मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या बाजाराशिवाय मिळत नाहीत. आपले लोक दसऱ्याला निघायला उतावीळ, फडवाल्यांना रब्बीची पेरणी आहे, डोंगरवाल्यांचा संयम संपत चाललाय आणि नायिका म्हणते, दोन महिने थांबा. जुळलेली सोबत इथं फुटायला लागली पाहिजे. मधल्या भागाचा कळस हाच ठेवा, चकमक घालू नका.

डावा पाय का, ते आता. घोड्यावर डावीकडून चढतात. डावं पाऊल रिकिबीत घालायला गुडघा चांगलाच दुमडावा लागतो, आणि तिचा दुमडत नाही. शिवाय पाय अर्धं बोट आखूड आहे, म्हणजे दोन्ही रिकिबी सारख्या लांबीच्या चालत नाहीत. ती ओट्यावरून चढायला शिकते, नाहीतर उजवीकडून, आणि घोडा उजवीकडून चढणाऱ्याला बिचकतो, त्यालाही शिकवावं लागतं. पाठलागात ओटा नसेल तर काय, हा प्रश्न तिसऱ्या भागासाठी राखून ठेवा.

भाषेबद्दल एवढंच. सगळ्या खानदेशाला एकच अहिराणी बोलायला लावू नका. धुळ्याकडची अहिराणी, यावल-रावेरकडची लेवा बोली, डोंगरातली पावरी, तिन्ही वेगळ्या आहेत. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, बोली संवादात, आणि तीही अशी की वाक्याचा अर्थ शेजारच्या कृतीतून कळेल. तळटीप लागली तर वाक्य बदला. आणि बोली फक्त म्हाताऱ्यांच्या आणि नोकरांच्या तोंडी देऊ नका. नायिका स्वतः अहिराणीत रागवते, अहिराणीतच हुकूम सोडते, असं झालं पाहिजे. खाणंही जागेवरचं हवं. बाजेवरच्या रुग्णाला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी नेमकी कधी पचायला लागली, यावरून ताकद परत आल्याचं कळू द्या.

दुरुस्ती करताना चौदाही प्रकरणांचे कागद जमिनीवर मांडा. प्रत्येक कागदाच्या डाव्या कोपऱ्यात त्या दिवशी पाय काय करू शकतो ते लिहा, उजव्या कोपऱ्यात त्या प्रकरणात कोण जोडलं गेलं किंवा तुटलं ते. ज्या कागदाचा एक कोपरा रिकामा असेल तो शेजारच्या प्रकरणात विरघळवा. साधारण चौदाची अकरा उरतील. त्यातलं सर्वांत लांब श्रावणातलं ठेवा, जिथं पाऊस कोसळतोय, वाटा बंद आहेत, आणि पाटकऱ्याची आई परातीत गहू मोजताना विचारते, 'किती जनं शेतस?'